खिशात शिसं की शाई?

नाशकात दोन जातींचे कागद तयार होतात. नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२५ पासून टपाल तिकिटं छापली जातात. त्याआधी ती लंडनच्या डे ला रू कंपनीकडून छापून यायची. मुद्रांक आणि पासपोर्टही इथलेच. दुसरी जात सातपूर, अंबड आणि ओझरच्या कारखान्यांतली. तो कागद म्हणजे ड्रॉइंग. पहिल्या कागदावर खाडाखोड दिसली की संशय येतो. दुसऱ्यावर ती नसेल, तर कुणी त्यावर विचारच केला नाही असं धरायला हरकत नाही.

खालचा संवाद मी रचलेला आहे, पण त्यातली दोन्ही माणसं तुम्हाला या शहरात सहज भेटतील. मामा सातपूरच्या टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन होते, आता निवृत्त. भाची जिल्हा न्यायालयात वकिली करते. दोघांनाही लिहायच्या साधनांचं वेड आहे आणि दोघांनाही दुसऱ्याचं वेड खुळचट वाटतं. रोज बरोबर काय बाळगायचं, एवढ्यावरून त्यांचा वाद आहे.

भाची : मामा, आधी खिशात काय काय आहे ते सांगा.

मामा : तीन पेन्सिली. एक पॉइंट फाइव्ह, एक पॉइंट सेव्हन आणि एक दोन मिलिमीटरची क्लच पेन्सिल. पेन नाही.

भाची : आणि सही करायची वेळ आली तर?

मामा : ज्याला सही हवी आहे त्यानं पेन द्यावं. शिष्टाचार आहे तो.

भाची : वा! म्हणूनच कोर्टाच्या आवारात माझी पेनं परत येत नाहीत. मी आता दोन ठेवते. एक शाईचं, ते कुणाला द्यायचं नाही. दुसरं दहा रुपयांचं बॉलपेन, ‘जरा पेन देता का’ म्हणणाऱ्यांसाठी. गेलं तर गेलं.

मामा : म्हणजे एक पेन तू लिहायला बाळगतेस आणि एक हरवायला.

भाची : तुम्ही तीन पेन्सिली कशाला बाळगता? निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली. ड्रॉइंग कुठलं काढताय आता?

मामा : सवय. आणि तिघींचं काम वेगळं आहे. ड्रॉइंगमध्ये सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या नसतात. वस्तूची बाहेरची कड ठळक, माप दाखवणारी रेघ बारीक. ०.३५, ०.५, ०.७ हे आकडे कुणी उगाच ठरवलेले नाहीत. प्रत्येक जाडी आधीच्या सुमारे १.४ पट. ए-फोरचा ए-थ्री करताना कागदाची बाजूही तेवढ्याच पटीनं वाढते. म्हणजे ड्रॉइंग मोठं केलं की ०.३५ ची रेघ ०.५ ची होते आणि तुम्ही पॉइंट फाइव्हच्या पेन्सिलीनं पुढचं काम त्याच जाडीत करू शकता. जोड कळतसुद्धा नाही. कंपासपेटीतल्या पेन्सिलीला टोक काढलं की पहिली रेघ सुईसारखी आणि दहावी खडूसारखी. पेन-पेन्सिलीत तो प्रश्नच नाही. जाडी शिशाची, हाताची नाही.

भाची : पण ते शिसं मोडतं की! शाळेत माझं दर ओळीला मोडायचं.

मामा : तू चार खटके मारून शिसं बाहेर काढत असशील. दोनच मारायचे. आत काय होतं ते बघ. पुढे तीन जबड्यांची पितळी पकड असते आणि तिच्याभोवती एक कडं. बटण दाबलं की पकड आणि कडं दोन्ही शिशासकट पुढे सरकतात. कडं एका जागी अडतं, पकड मात्र आणखी पुढे जाते, कड्याबाहेर येते आणि उघडते. बोट सोडलं की स्प्रिंग पकडीला मागे ओढते. शिसं मात्र मागे येत नाही, कारण टोकापाशी रबराची बारीक चकती त्याला धरून ठेवते. ती चकती झिजली की शिसं आतबाहेर डुलायला लागतं आणि लोक म्हणतात, पेन्सिल बिघडली. दुसरं म्हणजे शिसं. स्वस्तातलं शिसं घालायचं आणि चांगल्या पेन्सिलीला शिव्या द्यायच्या, हे मी टूलरूममध्ये शिकाऊ पोरांत कायम बघितलं. आणि नळीत डझनभर शिशी कोंबायची नाहीत. दोन पुरेत, फार तर तीन. जास्त झाली की आडवीतिडवी अडकतात.

(मामांना मध्येच थांबवणं कठीण असतं. मीही थांबवत नाही, कारण पुढची हकीकत चांगली आहे.)

मामा : शार्प कंपनी माहीत आहे ना? टीव्हीवाली. ते नाव पेन्सिलीवरून आलंय. टोकुजी हायाकावा नावाच्या जपानी कारागिरानं १९१५ मध्ये धातूची पेन-पेन्सिल काढली. पुढे तिचं नाव पडलं ‘एव्हर रेडी शार्प पेन्सिल’. धंदा उत्तम चालला होता. १९२३ च्या भूकंपात टोकियोतला कारखाना गेला, बायको गेली, मुलं गेली. कर्जापायी पेन्सिलीचे हक्कही दुसऱ्या कंपनीला द्यावे लागले. मग तो ओसाकाला गेला आणि रेडिओ बनवायला लागला. पेन्सिल हातची गेली, पण तिचं नाव कंपनीला राहिलं.

भाची : हकीकत छान आहे, पण त्यानं पेन्सिलीची बाजू सिद्ध होत नाही.

मामा : मग हे ऐक. त्या वेळची शिशी एक मिलिमीटरच्या आसपास जाड असायची. ग्रॅफाइटमध्ये माती कालवून भाजलेलं शिसं त्याहून बारीक केलं की टिकत नाही. १९६० च्या सुमारास पेंटेलनं मातीऐवजी राळेसारखं रसायन वापरून भाजलेलं शिसं आणलं, तेव्हा कुठे पॉइंट फाइव्ह शक्य झालं. आणि २००८ मध्ये मित्सुबिशी पेन्सिलची कुरु टोगा आली. तिच्या आत दातेरी चाकं आहेत. शिसं कागदाला टेकलं आणि उचललं की प्रत्येक वेळी किंचित फिरतं. मूळ मॉडेलमध्ये चाळीस वेळा टेकवलं की पूर्ण फेरा. त्यामुळे टोक एका बाजूनं तासलं जात नाही, मधोमध राहतं.

भाची : मी वापरली आहे. इंग्रजी लिहिताना काही फरक जाणवत नाही.

मामा : बरोबर! कारण जोडून लिहिलेल्या इंग्रजीत हात उचलतोय कुठे? ती पेन्सिल मुळात जपानी चित्रलिपीसाठी केलेली, तिथे अक्षरागणिक दहा फटकारे. आपल्या देवनागरीलाही ती मानवते. ‘का’ काढताना बघ, उभी रेघ, गोलवा, वरची शिरोरेघ, मग काना. दर ओळीत शे-पाऊणशे वेळा हात उचलला जातो. मराठी लिहिणाऱ्यानं कुरु टोगा घ्यावी, इंग्रजी लिहिणाऱ्यानं घेतली नाही तरी चालेल.

हे मामांचं निरीक्षण मी स्वतः करून पाहिलं. खरं आहे. इंग्रजी सहीला शिसं जागचं फिरत नाही आणि मराठी परिच्छेदाला टोक शेवटपर्यंत धारदार राहतं.

भाची : मामा, हात उचलायला लागू नये म्हणून तर आपल्याकडे मोडी होती. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली अक्षरं भराभर लटकवत जायची, बोरू शक्यतो न उचलता. जमिनीच्या दाव्यांत अजून मोडी कागद येतात. शंभर-दीडशे वर्षांचे. कागद पिवळा पडलेला असतो, कडा झडलेल्या असतात, पण अक्षर काळंभोर. मोडी वाचणारा मिळाला की काम झालं. ही शाईची ताकद. तुमच्या पेन्सिलीनं लिहिलेला एखादा वतनाचा कागद दाखवा.

मामा : ती शाई कशाची होती?

भाची : काजळ, डिंक आणि पाणी.

मामा : काजळ म्हणजे काय? कार्बन. आणि ग्रॅफाइट म्हणजे?

भाची : …कार्बन.

मामा : उन्हानं उडत नाही, पाण्यानं फुटत नाही, हवेनं पिवळं पडत नाही. तुझं निळं बॉलपेन विरघळणाऱ्या रंगावर चालतं. खिडकीत चिकटवलेली बॉलपेनची चिठ्ठी वर्षभरात फिकी पडते. शेजारी पेन्सिलीची चिठ्ठी लावून बघ. तुझ्या मोडी कागदांनी माझीच साक्ष दिली, वकीलसाहेब.

भाची : साक्षीदार फोडू नका. काजळाची शाई डिंकानं कागदाला धरून बसते. पेन्सिल वरच्यावर बसते. खोडरबर फिरवला की गेली. तुम्ही टिकण्याबद्दल बोलताय आणि मी बदलता न येण्याबद्दल.

मामा : कायद्यात लिहिलंय का, पेन्सिल चालणार नाही म्हणून?

भाची : नाही लिहिलेलं. वचनचिठ्ठी लिखित असली पाहिजे एवढंच १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा सांगतो, कशानं लिहावी ते सांगत नाही. पण त्याच कायद्याचं कलम ८७ वाचा. दस्तात महत्त्वाचा बदल केला आणि त्याला पक्षकाराची संमती नसली, तर त्या पक्षकारापुरता तो दस्तच रद्द. आता पेन्सिलीनं लिहिलेल्या आकड्यात बदल झाला की नाही हे सिद्ध कोण करणार? १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम २० तर याहून सरळ आहे. दस्तात दोन ओळींच्या मध्ये काही घुसडलेलं असेल, जागा कोरी असेल, खोडलेलं असेल, तर लिहून देणाऱ्यांनी तिथे सही किंवा आद्याक्षरं केल्याशिवाय दुय्यम निबंधक नोंदणी नाकारू शकतो. म्हणजे चूक करायला बंदी नाही. चूक लपवायला आहे.

मामा : आमच्याकडे तरी वेगळं काय होतं? ड्रॉइंगच्या कोपऱ्यात सुधारणांचा तक्ता असतो. सुधारणा ए, सुधारणा बी, तारीख, कुणी केली त्याची सही. बोअरचं माप बदललं आणि तक्त्यात नोंद केली नाही, तर पुढच्या पाळीत शंभर नग भंगारात.

भाची : आणि तो तक्ता कशानं भरायचात?

मामा : … शाईनं.

भाची : लिहून घ्या कुणीतरी.

मामा : घे लिहून. पण त्या शाईच्या तक्त्याआधी आठ दिवस पेन्सिल चाललेली असते, ते पण लिही. तुला पक्का कागद तेवढा दिसतो. तो पक्का होईपर्यंत किती वेळा खोडला गेला, ते तुझ्या कोर्टात कधी येतच नाही. ट्रेसिंगवर शाईची रेघ चुकली की ब्लेडनं खरवडावी लागायची आणि खरवडलेल्या जागी पुढची शाई फुटायची. म्हणून आधी पेन्सिल. आणि पेन्सिल फिकी चालायची नाही, कारण ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट निघायची. रेघेतून उजेड आरपार गेला की प्रिंटवर रेघ गायब. फार कडक शिसं घेतलं तर रेघ करडी येते, मऊ घेतलं तर पट्टीखाली फासली जाते. एच आणि एचबीच्या मध्ये हात बसायला वर्ष जायचं. प्रिंट काढायच्या खोलीत शिरलं की डोळ्यांतून पाणी, एवढा त्या अमोनियाचा वास.

भाची : ओझरच्या लोकांना विचारा पेन्सिलीबद्दल.

मामा : (सावधपणे) काय विचारू?

भाची : १९६४ पासून तिथे हिंदुस्तान एरोनॉटिक्स आहे. विमानाच्या कामात ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ग्रॅफाइटच्या पेन्सिलीनं खूण करायची नसते, हे खरं की नाही?

मामा : कुणी सांगितलं तुला?

भाची : खरं की नाही?

मामा : खरं आहे. ग्रॅफाइट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये ओलावा आला की छोटी बॅटरीच तयार होते. झीज ॲल्युमिनियमची होते. पेन्सिलीच्या रेघेवर पत्रा कुरतडला जातो. म्हणून जगभर विमानाच्या दुरुस्तीत पेन्सिल मनाई आहे.

भाची : म्हणजे पेन्सिल तिथे इतकी टिकते की पत्रा जातो.

मामा : हे तू माझ्या बाजूनं बोललीस की विरुद्ध?

भाची : नोंदीसाठी. आणि अंबडच्या औषध कारखान्यांतही बॅचची नोंद पेन्सिलीनं चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधनिर्मितीचे नियम न पुसल्या जाणाऱ्या नोंदी मागतात. चुकलं तर एक रेघ मारायची, आधीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. पांढरं फासायचं नाही. माझ्या कोर्टातला आणि त्यांच्या कारखान्यातला नियम एकच आहे बघा.

मामा : मग अंतराळवीरांचं काय? तो व्हॉट्सॲपवरचा किस्सा, अमेरिकेनं लाखो डॉलर खर्चून पेन काढलं आणि रशियानं पेन्सिल वापरली.

भाची : खोटा आहे तो. पॉल फिशरच्या कंपनीनं ते पेन स्वतःच्या पैशानं काढलं. नासानं नंतर चारशे विकत घेतली आणि १९६८ मध्ये अपोलो ७ मधून ती वर गेली. रशियानंही १९६९ मध्ये तीच घेतली. वजन नसलेल्या केबिनमध्ये मोडलेल्या शिशाचा तुकडा तरंगत डोळ्यात जाईल किंवा विद्युतमंडलात, ही भीती दोघांनाही होती. आणि लाखो डॉलर राहू द्या, लफडं झालं होतं ते तुमच्या पेन्सिलीवरून. १९६५ मध्ये नासानं ३४ पेन-पेन्सिली मागवल्या. एकीची किंमत पडली १२८ डॉलर ८९ सेंट. लोक भडकले.

मामा : (खूश होऊन) एकशे अठ्ठावीस! काय पेन्सिल असेल गं.

इथे मला थोडं मध्ये पडावंसं वाटतं. भाची कायद्याचं बोलते तेव्हा तिची बाजू भक्कम असते, पण तिच्या शाईपेनाचं रोजच्या वापरात काय होतं ते ती सांगत नाही. मामांनी ते विचारलं म्हणून बरं झालं.

मामा : परवा मुंबईहून आलीस तेव्हा कोटाच्या आतल्या खिशाला निळा डाग होता.

भाची : इगतपुरीच्या आधी टोपण उघडलं, थेंब पडला. पेन जुनं झालं असेल.

मामा : पेनाला दोष देऊ नकोस, कसारा घाटाला दे. मुंबई समुद्राच्या पातळीला, नाशिक सुमारे सहाशे मीटर वर. एवढ्या चढणीला हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी उतरतो. तुझं पेन ड्रॉपरनं भरायचं, त्याच्या पोटात तीन मिली शाई मावते. ती अर्धी संपलेली, म्हणजे दीड मिली हवा. बाहेरचा दाब कमी झाला की ती हवा फुगते, एक दशांश मिलीएवढी. म्हणजे दोन थेंब. निब खाली असेल तर ती हवा जिभलीतून शाईलाच बाहेर ढकलणार. निब वर ठेवली असती तर नुसती हवा निघून गेली असती.

भाची : सकाळी पंचवटी एक्सप्रेसनं जाताना कधी गळत नाही मग.

मामा : उतरताना दाब वाढतो. पेन उलट हवा आत ओढतं. पंचवटीच्या पासवाल्यांत शाईपेनवाला असेल तर त्याचं पेन संध्याकाळी परतताना गळतं. त्याला म्हणावं, कसाऱ्याआधी पेन काठोकाठ भर, नाहीतर निब वर करून खिशाला लाव. आणि पेन उघडायचं ते देवळाली ओलांडल्यावर.

भाची : हे मात्र उपयोगाचं बोललात. पण एवढ्यासाठी कुणी शाई सोडत नाही. आजोबा कॅमलची निळी दौत वापरायचे. टोपण उघडल्यावर येणारा तो वास मला अजून आठवतो. मराठी घरातली शाई ती. दिगंबर परशुराम दांडेकरांनी भावाबरोबर १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली. तेव्हा छाप घोड्याची होती. उंट नंतर आला. पुढे रंग आले, कंपासपेट्या आल्या. महाराष्ट्रातलं प्रत्येक पोर त्या उंटावर बसून शाळेत गेलंय.

मामा : आणि २०११ मध्ये त्यात मोठा हिस्सा कोणी घेतला? कोकुयोनं. जपानी. फिरून तिकडेच आलीस.

भाची : तुम्हाला सगळे रस्ते जपानलाच नेतात! मी लोखंड-माजूफळाची निळी-काळी शाई घालते सहीच्या पेनात. लिहिताना निळी, हवा लागली की काळी पडते आणि तंतूंत पक्की बसते. इंग्लंडात लग्नाच्या नोंदवहीत २०२१ पर्यंत हीच शाई वापरायचा रिवाज होता. रोज लिहिलं नाही तर निबमध्ये धरते, आठवड्याला पाण्यानं धुवावी लागते. पण विलावर सही करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात मी ते पेन देते, तेव्हा तो जरा थांबून, सावकाश सही करतो. बॉलपेन दिलं की रेघोटी ओढतो.

मामा : हे भावनेचं झालं.

भाची : होय. तुमच्या तीन पेन्सिली कशाच्या आहेत?

मामा काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी विषय बदलला आणि तो बरा बदलला, कारण दोघंही ज्याच्याकडे नाक मुरडतात त्या तिसऱ्याची गोष्ट निघाली.

मामा : खरं सांगू का, आपण दोघं भांडतोय आणि नाशिक जिल्हा बॉलपेननं चाललाय. लासलगावला कांद्याच्या लिलावात जाऊन उभी राहा. बोली संपली की जागच्या जागी चिठ्ठी फाटते. खाली कार्बन, त्याखाली दुसरी प्रत. शाईपेननं दाबलं तर निब फाकेल, माझ्या पॉइंट फाइव्हनं दाबलं तर शिसं तुटेल. दाबायला बॉलपेनच पाहिजे. टंगस्टन कार्बाइडची गोळी आहे ती. आमच्या टूलरूममध्ये ज्यानं पोलाद कापतात त्याच जातीची, आणि सातशे मायक्रॉनची. दहा रुपयांत इतकं अचूक काम दुसरं कुठे मिळतं ते दाखव. सातपूरला मायकोत डिझेल नोझल बनायची, तिथल्या माणसांना या गोळीची आणि तिच्या खोबणीची किंमत कळते. जरा सैल बसली तर गळती, घट्ट बसली तर कोरडी.

भाची : न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा १९४५ साली ते विकलं गेलं तेव्हा साडेबारा डॉलर किंमत होती. आज यूपीएससीची पूर्वपरीक्षा देणाऱ्याला काळ्या बॉलपेननंच गोल रंगवायचे असतात. एकेकाळी अशा उत्तरपत्रिकांना एचबी पेन्सिल लागायची.

मामा : माझ्या पेन्सिलीचं सरकारी राज्य तिथे संपलं.

भाची : आणि सहा डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी, ‘एक वही, एक पेन’ म्हणतात तेव्हा लोक हार-फुलांऐवजी काय आणतात? बॉलपेनच. ज्या शहरात काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्या शहरात मी बॉलपेनला हलकं म्हणणार नाही. बाबासाहेबांना स्वतःला उत्तम पेनांची आवड होती, पण खेड्यातल्या शाळेत पोचतं ते दहा रुपयांचंच.

मामा : मग तुझं शाईपेन कशाला हवं?

भाची : आवड म्हणून. तुमच्या पेन्सिली कशाला हव्यात?

मामा : विचार करायला. खोडता येतं म्हणून मी धाडसानं रेघ मारतो. पेन हातात असलं की आधीच घाबरतो.

भाची : मी उलट. पेन हातात असलं की लिहायच्या आधी विचार करते.

यावर दोघांचं एकमत होणार नाही, आणि ते व्हावं अशी माझीही इच्छा नाही. पण एका गोष्टीत भाचीनं दोघांनाही, म्हणजे मामांना आणि मला, अडचणीत टाकलं.

भाची : ही सगळी चर्चा शर्टाच्या खिशाची आहे, हे लक्षात आलंय का? क्लिप कशी, लांबी किती, वजन किती, सगळं पुरुषाच्या डाव्या खिशासाठी. माझ्या कुर्त्याला खिसाच नाही. साडीला नाही. कोर्टात काळा कोट आहे म्हणून पेन जागेवर असतं. रविवारी ते पर्समध्ये तळाला, किल्ल्यांच्या खाली.

मामा : मग रविवारी काय करतेस?

भाची : पेन्सिल अंबाड्यात खोचते. शाईपेन खोचून बघा कधी.

मामा : म्हणजे रोज बरोबर बाळगायला शेवटी पेन्सिलच!

भाची : फक्त रविवारी.

मामा : अंबाड्यात तरी रोट्रिंग ६०० नको खोचूस. पितळेची आहे, जड. टोकाला चार मिलिमीटरची उघडी नळी, पट्टीच्या कडेला रेघ मारता यावी म्हणून. टेबलावर तिच्यासारखी दुसरी नाही, पण खिशात तीच नळी कापड फाडते आणि पेन्सिल टोकावर पडली की वाकते. वाकली की संपली. काही हजार रुपये गेले. बाहेर न्यायची तर पेंटेलची ग्राफगिअर १००० घे. क्लिप दाबली की टोक आत जातं. किंवा साधी प्लास्टिकची पेंटेल पी-२०५. हलकी असते, पडली तरी फारसं काही होत नाही.

आता माझा निकाल, लेख माझा आहे म्हणून. सही, पावती, परीक्षा आणि दस्त, म्हणजे जो कागद दुसऱ्याच्या हाती जाणार आहे, तिथे भाचीचं बरोबर. शाईला पर्याय नाही. वही, आकडेमोड, नकाशा, भाषणाची टिपणं, दुकानाची यादी, म्हणजे जो कागद आपलाच आहे, तिथे मामांचं बरोबर, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या दिवसभराच्या लिखाणात असलेच कागद जास्त असतात. तरी आपण खिशाला पेन लावतो, कारण पेन्सिल चौथीपर्यंतची, अशी शाळेनं घातलेली सवय सुटत नाही. ती सोडायला हरकत नाही.

पहिली पेन-पेन्सिल घेणार असाल तर पॉइंट सेव्हन घ्या, पॉइंट फाइव्ह नको. हात हलका झाला की मग खाली या. शिसं एचबी, आणि ते पेन्सिलीहून चांगल्या प्रतीचं. टोक आत जाणारं मॉडेल बघा. सोबत दहा रुपयांचं एक बॉलपेन ठेवा आणि कुणी मागितलं तर तेच द्या. शाईपेन असेल तर संध्याकाळच्या पंचवटीत निब वर.